निरोपाचे मूळ आणि माहितीची विश्वसनीयता : मासवण-पालघर परिसराच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

सूर्या नदीच्या काठी वसलेले मासवण हे पालघर तालुक्यातील एक गाव. पश्चिमेस पालघर शहर, त्यापलीकडे सातपाटी, केळवे-माहीम, बोईसर, तारापूर, चिंचणी ही किनाऱ्यालगतची वस्ती आणि पूर्वेस व उत्तरेस जव्हार-डहाणूकडे चढत जाणारा आदिवासी पट्टा, अशा दोन जगांच्या मधोमध हा परिसर येतो. येथील विद्यार्थ्याला आपल्या गावाविषयी, तालुक्याविषयी किंवा समाजाविषयी काही जाणून घ्यावयाचे झाल्यास समृद्ध ग्रंथालय हाताशी असतेच असे नाही. भ्रमणध्वनी मात्र हाताशी असतो. त्यामुळे आंतरजाल हेच त्याचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव साधन ठरते. या साधनातून मिळणारी माहिती कितपत विश्वासार्ह मानावी, हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा किंवा प्रकल्पलेखनाचा नाही. याच जिल्ह्यात एका निराधार वार्तेने माणसांचे प्राण घेतल्याची घटना फार जुनी नाही.

आंतरजालावरील माहिती पारखण्याची रीत नव्याने शोधण्याची गरज नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. इतिहासशास्त्राने साधनचिकित्सेच्या रूपाने ती फार पूर्वी सिद्ध केली आहे. या चिकित्सेचा पहिला प्रश्न ‘हे खरे आहे काय?’ असा नसून ‘हे मुळात कोणाकडून आले?’ असा असतो. हा क्रम सुटला की सुशिक्षित माणूसही फसतो. हे प्रतिपादन शक्य तेथे याच परिसरातील उदाहरणांच्या आधारे मांडले आहे.

लेखक आणि नकलकार

मराठी इतिहाससंशोधनाच्या उभारणीत वि. का. राजवाडे यांचे स्थान सर्वज्ञात आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्सल पत्रे आणि नंतर लिहिलेल्या बखरी यांच्या प्रमाणमूल्यात अंतर असते, हे राजवाड्यांनी आग्रहाने मांडले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी ‘साधन-चिकित्सा’ या ग्रंथात साधने पारखण्याचा विचार स्वतंत्रपणे केला. या परंपरेतून आलेली एक साधी शिकवण आज विशेष उपयोगी पडते. हाती आलेले कागद ज्याने लिहून काढले तो नकलकार असतो. मजकुराचा कर्ता निराळा असू शकतो. नकलकार प्रामाणिक होता एवढ्यावरून मजकूर खरा ठरत नाही.

उत्तर कोकणाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन असलेली ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. ही बखर एका हातची किंवा एका काळची नाही. तिची प्रकरणे निरनिराळ्या काळी रचली गेली आहेत आणि त्यांतील सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकातील मानला जातो. या बखरीतील एखादे विधान स्वीकारण्यापूर्वी ते कोणत्या प्रकरणात आहे, ते प्रकरण केव्हाचे आहे आणि वर्णिलेली घटना त्याआधी किती काळ घडलेली आहे, हे पाहावे लागते. ‘बखरीत असे लिहिले आहे’ एवढे म्हणून भागत नाही.

भ्रमणध्वनीवर येणाऱ्या निरोपाची स्थिती नेमकी अशीच आहे. निरोपावर नाव दिसते ते पाठविणाऱ्याचे. तो आपला भाऊ, मित्र, शिक्षक किंवा शेजारी असतो. त्याच्याविषयीचा आपला विश्वास नकळत मजकुराला चिकटतो. वस्तुतः तो त्या मजकुराचा लेखक नव्हे, नकलकार आहे. त्याच्या आधी आणखी शेकडो नकलकार होऊन गेलेले असतात आणि मूळ कर्ता कोणालाही ठाऊक नसतो. जुन्या पोथीच्या अखेरीस नकलकार पुष्कळदा आपले नाव, गाव व शक लिहून ठेवी. पुढे पाठविलेल्या निरोपाला तीही पुष्पिका नसते.

तलवाडा, १९४५

खोट्या निरोपाचे सामर्थ्य या प्रदेशाने आंतरजालाच्या कितीतरी आधी अनुभवले आहे. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्याचे नेते होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे हजारो वारली जमले असता पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात केलेल्या कथनानुसार ती सभा त्यांनी बोलावलेलीच नव्हती. बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन या, असा निरोप जमीनदारांच्या हस्तकांनी पाड्यापाड्यांवर पोचविला. आणि दुसऱ्या बाजूने वारल्यांचा सशस्त्र जमाव चालून येत असल्याची वार्ता पोलिसांकडे दिली.

हे कथन लढ्याच्या नेत्याचे आहे, म्हणजे एका पक्षाचे आहे. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, तसेच तेवढ्यावरून संपूर्णही ठरत नाही. सरकारी बाजूने त्या प्रसंगाचे जे वर्णन झाले, त्याच्याशेजारी ठेवूनच ते वाचावयास हवे. मात्र एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. निरोप पाड्यावर पोचला तो ओळखीच्या तोंडून आणि विश्वासाच्या नावाने. लोक धावले ते भोळेपणामुळे नव्हे, तर ज्या व्यक्तीने आपल्याला वेठीतून सोडविण्याचा मार्ग दाखविला तिच्याविषयीच्या निष्ठेमुळे. खोटा निरोप बहुधा माणसाच्या दुर्गुणांवर नव्हे, त्याच्या सद्गुणांवर स्वार होतो. ‘अडाणी लोकच अफवांना बळी पडतात’ हा समज म्हणून सोडून द्यावयास हवा.

काळाची साक्ष

मूळ शोधण्याच्या कामी सर्वांत मोठी मदत होते ती कालनिश्चितीची. १४४० मध्ये लोरेंझो व्हाला या इटालियन पंडिताने, सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला दिलेले म्हणून दाखविले जाणारे दानपत्र बनावट असल्याचे सिद्ध केले. त्या दानपत्रातील भाषा व शब्द चौथ्या शतकातील असूच शकत नाहीत, हा त्याच्या युक्तिवादाचा एक मुख्य आधार होता.

हीच कसोटी मासवणच्या विद्यार्थ्याला सहज वापरता येईल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे २०१४ पूर्वीचा म्हणून दाखविल्या जाणाऱ्या एखाद्या सरकारी पत्राच्या शीर्षावर ‘जिल्हा पालघर’ असे असेल, तर ते पत्र तत्क्षणीच संशयास्पद ठरते. २०११ च्या जनगणनेत मासवण ठाणे जिल्ह्यातच आहे. त्याहून मागे गेल्यास, १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये हा भाग माहीम तालुक्याखाली शोधावा लागतो. पालघर जिल्ह्याच्या नावाने एकोणिसाव्या शतकातील माहिती शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही आणि ‘आमच्या भागाचा इतिहासच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष तो काढील.

या कसोटीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. विश्वसनीय साधनही कालबाह्य असू शकते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज आंतरजालावर उपलब्ध आहे. त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते, हा त्याचा मोठाच गुण आहे. तथापि त्यातील ठाणे जिल्ह्याची मूळ नोंद विभाजनापूर्वीची असल्याने तिच्यातील क्षेत्रफळ व तालुके आजच्या ठाणे जिल्ह्याला लागू करता येणार नाहीत. मराठी विकिपीडियाची स्थिती याच्या उलट आहे. तेथे नोंद अद्ययावत असू शकते. परंतु लेखक बहुधा टोपणनावाने वावरतो. असे असले तरी प्रत्येक पानासोबत त्याचा ‘इतिहास’ जतन केलेला असतो आणि कोणता बदल केव्हा झाला हे कोणालाही पाहता येते. वाचकांपैकी फारच थोडे ते पान उघडतात. वास्तविक चिकित्सेचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

दुजोरा आणि त्याचा आभास

‘दहा संकेतस्थळांवर हेच लिहिले आहे’ असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. दहाही स्थळांनी एकाच ठिकाणाहून मजकूर उचललेला असेल, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच आहे. एकाच पोथीच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

शिवजन्मतिथीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला असे दीर्घकाळ मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आढळली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन काव्यात आणि जोधपूर येथे मिळालेल्या कुंडलीतही तीच तिथी निघाली. मावळातील देशमुखांच्या घरातील टिपण, संस्कृत कवीचे काव्य आणि राजस्थानातील ज्योतिषाची कुंडली ही साधने परस्परांवरून उतरविलेली असण्याचा संभव अल्प आहे. म्हणूनच त्यांच्या एकवाक्यतेला वजन आले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. बखरी संख्येने अधिक होत्या. तरी निर्णय संख्येवर झाला नाही. साधनांचे स्वातंत्र्य आणि घटनेशी त्यांची जवळीक यांवर तो झाला.

आपल्याला न रुचणारी साक्ष

साधनचिकित्सेतील सर्वांत कठीण भाग बुद्धीचा नसून वृत्तीचा आहे. न आवडणाऱ्या माहितीची आपण कसून उलटतपासणी करतो आणि आवडणारी माहिती विनाचौकशी स्वीकारतो.

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे १९५५ मध्ये काही ताम्रपट सापडले. दि. चं. सरकार यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संयान, म्हणजे आजचे संजाण, या मंडलाचा अधिपती म्हणून मधुमती ऊर्फ सुगतिप याचा उल्लेख येतो. तो ताजिक, म्हणजे अरब होता आणि ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप असल्याचे सरकार यांनी दाखविले. या अधिकाऱ्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावा व अन्नछत्र यांची सोय केल्याचे आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेसाठी राजाच्या अनुमतीने दान दिल्याचे ताम्रपट सांगतो.

हीच हकीकत आज भ्रमणध्वनीवरून फिरू लागली तर काय होईल? काही जण ती आपल्या मताला सोयीची म्हणून तत्काळ पुढे पाठवतील आणि काही जण गैरसोयीची म्हणून तत्काळ खोटी ठरवतील. ताम्रपट मात्र कोणीही वाचणार नाही. इतिहासकाराचा मार्ग या दोहोंहून भिन्न आहे. बनावट ताम्रपटही भारतात पुष्कळ सापडले आहेत. म्हणून तो लिपी कोणत्या शतकातील, तिथी-वार जुळतात काय, राजवंशाची नामावळी इतर लेखांशी मिळते काय, हे तपासतो आणि मगच निर्णय देतो. निर्णय आपल्याला आवडणे वा न आवडणे हा त्या तपासणीचा भागच नसतो.

गडचिंचले, २०२०

२०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी देशात अनेक ठिकाणी बळी घेतले. त्या काळी फिरलेल्या एका चित्रफितीचे मूळ कराचीत होते. मुलांच्या अपहरणाविरुद्ध जनजागृती करण्यासाठी ती मुद्दाम तयार करण्यात आली होती. तिचा खुलासा करणारा अखेरचा भाग कापून टाकून उरलेले दृश्य प्रत्यक्ष अपहरण म्हणून पसरविले गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल अशी मर्यादा घातली. आजाराचे मूळ त्याने नाहीसे झाले नाही.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. टाळेबंदीमुळे हे तिघे आडमार्गाने सुरतेकडे निघाले होते. रात्री चोर आणि मुले पळविणारे हिंडत असल्याच्या वार्ता त्या परिसरात पसरलेल्या होत्या. गावोगावी पहारे बसले होते. त्याच आठवड्यात कासा परिसरात मदतीसाठी गेलेल्या डॉक्टरांवर व पोलिसांवरही अशाच संशयातून हल्ला झाला होता. पहिली अफवा ही अशी भयातून उपजलेली, दऱ्याखोऱ्यांतली होती.

तथापि या घटनेचा दुसरा भाग सुशिक्षितांनी अधिक लक्षपूर्वक अभ्यासावा असा आहे. हत्येची चित्रफीत बाहेर आल्यावर मारेकरी अन्य धर्माचे असल्याचा प्रचार समाजमाध्यमांतून सुरू झाला. चित्रफितीत कोणी ‘ओये बस’ असे ओरडतो, ते ‘शोएब बस’ असल्याचे सांगितले गेले आणि लाखो लोकांना ते तसेच ऐकूही आले. २२ एप्रिल रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे स्पष्ट केले. ही दुसरी अफवा पाड्यावर जन्मली नव्हती. ती शहरांतून, लिहिता-वाचता येणाऱ्यांकडून आणि स्वतःला जाणते समजणाऱ्यांकडून पसरली. पहिलीने तीन माणसे मारली; दुसरीने ठरवले असते तर आणखी कितीतरी मारली असती. कानांनी प्रत्यक्ष ऐकले हाही पुरावा पुरेसा नसतो. काय ऐकावयाचे हे आधी सांगून ठेवलेले असेल, तर कान तेच ऐकतात. हे या घटनेने दाखवून दिले.

तलवाडा आणि गडचिंचले या दोन घटनांत पंचाहत्तर वर्षांचे अंतर आहे. १९४५ मध्ये निरोप पायी चालत गेला. तो कोणी आणला हे पाड्यावरील माणसाला सांगता येत होते. म्हणून निदान नंतर तरी त्याचे मूळ शोधता आले. २०२० मध्ये निरोप एकाच वेळी सर्वत्र पोचला आणि त्याला मूळच उरले नाही. वेग वाढला हा फरक आहेच; पण ‘कोणी सांगितले?’ या प्रश्नाचे उत्तर हरपले, हा अधिक मोठा फरक आहे.

निवाडा कोणी करावा?

मग खऱ्याखोट्याचा निवाडा शासनाने करावा काय? याही प्रश्नाला पालघरचा इतिहास उत्तर देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल एका युवतीला आणि त्याला पसंती दर्शविल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला पालघर येथे अटक झाली. देशभर त्यावर टीका झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाविरुद्ध श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी निर्णय देऊन ते कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा, मतप्रचार आणि चिथावणी यांतील भेद त्या निर्णयाने अधोरेखित केला. पुढे केंद्र शासनाविषयीची माहिती खरी की खोटी हे शासकीय कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ च्या नियमांत आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तीही रद्द केली.

मत आणि माहिती यांची गल्लत होऊ नये, हा या घटनाक्रमाचा बोध आहे. पालघरच्या युवतीने व्यक्त केले ते मत होते; त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गडचिंचलेविषयी पसरले ते विधान होते. ते तपासता येत होते आणि तपासल्यावर खोटे ठरले. तपासणीचे काम दंडशक्तीवर सोपविले की ती बहुधा मतालाच शासन करते आणि अफवा मोकळी राहते.

शासनाच्या माहितीलाही साधनचिकित्सेतून सूट नाही. ज्या प्रदेशातील पोफरण व अक्करपट्टी ही गावे तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी विस्थापित झाली, तेथील माणूस सरकारी आश्वासन सावधपणे ऐकत असेल तर तो दोष म्हणता येणार नाही. परंतु सर्वच गोष्टींवर अविश्वास दाखविणे म्हणजे चिकित्सा नव्हे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा भूकंपमापन यंत्रांच्या नोंदी हेच विसंबण्याजोगे साधन होते. कारण त्यांची वेळ, स्थान व तीव्रता इतर केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहता येत होती. ताडून पाहता येते ते साधन. जे ताडून पाहताच येत नाही, ती वार्ता.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पाठविणारा हा लेखक नव्हे. म्हणून त्याच्याविषयीचा विश्वास मजकुरावर लादू नये. मजकुरातील नावे, हुद्दे व सीमा त्या काळाशी जुळतात काय हे पाहावे. उल्लेखांची संख्या न मोजता स्वतंत्र साक्षी मोजाव्यात. आणि आपल्याला जे आवडते त्याची तपासणी अधिक कठोरपणे करावी.

यापलीकडे महाविद्यालयांनी एक विधायक काम अंगावर घ्यावयास हवे. खोटी माहिती पसरते याचे एक कारण असे की, त्या जागी खरी माहिती कोणी ठेवलेलीच नसते. मासवणसारख्या गावाविषयी गॅझेटिअरमधील परकीय अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरलेला मजकूर आंतरजालावर आहे. गावातील वृद्ध वारली स्त्रीला वेठबिगारीविषयी आजीकडून काय ऐकावयास मिळाले, ते तेथे नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे गोळीबारात पाच जणांनी हौतात्म्य पत्करले. तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. विद्यार्थ्यांनी अशा आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवाव्यात आणि प्रत्येक नोंदीखाली कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, कोणी लिहून घेतले, कोठे व कोणत्या दिवशी, एवढ्या पाच गोष्टी न चुकता लिहाव्यात. आपण आंतरजालावर काही ठेवणार असू, तर त्याला पुष्पिका जोडण्याचे कर्तव्य आधी आपले आहे. उद्याच्या वाचकाने ‘हे मुळात कोणाकडून आले?’ असे विचारले, तर निदान आपल्या गावापुरते त्याचे उत्तर त्याला मिळाले पाहिजे.